मुलाच्या मापाने शाळा, की जातीच्या मापाने मूल?

"पोरगं मागं पडतंय, त्याला समजेल असं जरा वेगळं करून शिकवा."

एवढे एक वाक्य शिक्षकाला सांगायला किती बळ लागते, हे प्रभात रोडच्या पालकाला विचारून कळणार नाही. तो शाळेत हक्काने जातो, बाईंना फोन करतो, गरज पडली तर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. कासेवाडी, ताडीवाला रोड, जनता वसाहत, येरवडा इथल्या पालकांचे तसे नाही. शाळेतून बोलावणे आले म्हणजे तक्रार आली, एवढेच त्यांना माहीत. आई कामावर खाडा करून शाळेत जाते, मान खाली घालून ऐकते आणि "आम्हाला काय कळतंय बाई, तुम्हीच बघा" म्हणून परत येते. घरी आल्यावर मुलाला मार बसतो. मुलाला नेमके काय येत नाही, का येत नाही आणि ते कसे यावे, यावर त्या सभेत एक शब्दही निघालेला नसतो.

यावर प्रस्थापितांचे उत्तर तयार असते. म्हणे प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवणे हे परदेशी फॅड आहे, महागड्या शाळांचे लाड आहेत, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे चालायचे नाही. आमचे म्हणणे बरोबर उलटे आहे. शाळेने मुलाकडे पाहून आपली रीत बदलावी ही मागणी याच पुण्यात, पावणेदोनशे वर्षांपूर्वी, आपल्याच माणसांनी केली. नुसती मागणी केली नाही, तर तशा शाळा चालवून दाखवल्या. पण वाचकहो, याच पुण्यात त्याच शब्दांना दुसराही एक अर्थ दिला गेला. "मुलाप्रमाणे शिक्षण" म्हणजे मुलाच्या जातीप्रमाणे शिक्षण, हा तो अर्थ. हे दोन अर्थ वेगळे करता आले नाहीत, तर आपण हक्क मागायला जाऊ आणि पदरात बेडी पडेल. म्हणून हा इतिहास नीट पाहायला हवा.

एका माळ्याच्या मुलाकडे कोणीतरी पाहिले

जोतीरावांचे स्वतःचे शिक्षण मध्येच तुटले होते. शूद्राच्या पोराला शिकवून काय करायचे, तो शेतीकामातून जाईल, असा सल्ला गोविंदरावांना मिळाला आणि मुलाला शाळेतून काढून फुलांच्या मळ्यात लावले गेले. तो तिथेच राहिला असता. पण शेजारच्या दोघांनी त्या मुलाला नीट पाहिले होते. फारसी शिकवणारे मुन्शी गफार बेग आणि ख्रिस्ती गृहस्थ लिजिट साहेब. हा मुलगा वेगळा आहे, याची बुद्धी वाया घालवू नका, असे त्यांनी गोविंदरावांना समजावले आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

या प्रसंगात दोन प्रकारचे पाहणे आहे. सल्ला देणाऱ्याने मुलाची जात पाहिली आणि त्याचे भविष्य तिथेच ठरवून टाकले. गफार बेग आणि लिजिट यांनी मूल पाहिले. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

शाळा मुलाजवळ गेली

१८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, हे आता सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला, त्यामुळे त्यावर भाषणेही बरीच झाली. पण त्या शाळेत शिकवायचे कसे, वेळ कोणती, शिकवणार कोण, हे प्रश्न फुले दांपत्याने कसे सोडवले याकडे भाषणवाल्यांचे लक्ष जात नाही.

पहिला प्रश्न होता शिक्षकाचा. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हवी, आणि पुण्यात ती मिळणार कुठून? मुलींनी पुरुष पंतोजीपुढे बसायची सवय करावी, असे जोतीराव म्हणाले नाहीत. त्यांनी सावित्रीबाईंना शिकवले. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. विद्यार्थिनीची गरज ओळखून आधी शिक्षक घडवला गेला. फातिमा शेखही त्यांच्या सोबतीला होत्या. गोवंडे, वाळवेकर, परांजपे हे ब्राह्मण सहकारीही या कामात होते, हेही सांगितले पाहिजे. आमचे भांडण व्यवस्थेशी आहे.

दुसरा प्रश्न होता जागेचा. पहिली शाळा काही महिन्यांत बंद पडली, तरी १८५१-५२ मध्ये चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ अशा शाळा उभ्या राहिल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या आणि १८५३ मध्ये त्यांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. मूल गावाच्या मधोमध येऊ शकत नसेल, तर शाळेने त्याच्या पेठेत जायचे, हा सरळ हिशोब होता.

तिसरा प्रश्न होता वेळेचा. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुराने दिवसाच्या शाळेत यायचे कसे? १८५५ मध्ये फुल्यांनी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशीबुवाकडून नागवले गेलेले कुणबी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले, यात नवल नाही.

या सगळ्याचा परिणाम काय झाला? १८५२ मध्ये 'पूना ऑब्झर्व्हर'ने या मुलींच्या शाळांमधली शिकवण्याची पद्धत सरकारी मुलांच्या शाळांपेक्षा सरस असल्याची दखल घेतली. त्याच वर्षी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. आणि १८५५ मध्ये याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या किशोरवयीन मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. जिच्या समाजाला अक्षर पाहण्याची बंदी होती, ती मुलगी काही वर्षांच्या शाळेनंतर वर्तमानपत्रातून प्रश्न विचारत होती. कमी होती ती शाळेत. मुलांच्या डोक्यात कधीच नव्हती. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

जोतीरावांच्या चरित्रांमधून बक्षीस समारंभाची एक आठवण सांगितली जाते. एका मुलीने पाहुण्यांना म्हटले की आम्हाला खाऊ-खेळणी नकोत, शाळेला ग्रंथालय द्या. स्वतःला काय हवे हे ती मुलगी जाणत होती, आणि ते मोठ्यांपुढे मागण्याइतके धीट तिला शाळेने केले होते. आमच्या मते ही धिटाईच त्या शाळेची खरी कमाई होती.

त्याच शब्दांचा दुसरा अर्थ

आता नाण्याची दुसरी बाजू. १८८१ मध्ये पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. त्याच वर्षी इंग्रजी 'मराठा'ने शिक्षणपद्धतीवर जे लिहिले त्याचा मथितार्थ असा होता: शेतकऱ्याच्या मुलाला नांगरापासून, लोहाराच्या मुलाला भात्यापासून, चांभाराच्या मुलाला आरीपासून ओढून आणायचे आणि सर्वांना एकसारखे पुस्तकी शिक्षण द्यायचे, ही चूक आहे. अशाने मुलगा बापाच्या धंद्याला नावे ठेवायला शिकतो. ज्याचा जसा धंदा, तसे त्याला शिक्षण द्यावे.

ऐकायला किती गोड! मुलाच्या परिस्थितीचा विचार केला आहे, त्याच्या घराशी शिक्षण जोडले आहे. आजच्या भाषेत याला "गरजेनुसार अभ्यासक्रम" असे नावही देता येईल. पण ही गरज कोणी ठरवली? मुलाने नाही, त्याच्या आईबापाने नाही. ज्यांच्या मुलांना बापाचा धंदा सोडून वकील आणि मामलेदार होण्याची पूर्ण मुभा होती, त्यांनी ती ठरवली. भटजीचा मुलगा मुन्सफ झाला तर ती प्रगती, आणि चांभाराचा मुलगा कारकून झाला तर समाजाची घडी विस्कटली!

मुलींच्या बाबतीतही हेच घडले. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले. १८८७ मध्ये 'केसरी-मराठा'तून त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली गेली. मुलींना इंग्रजी आणि बाकीचे विषय एवढे कशाला, त्यांना घरकाम सांभाळून येता येईल अशी थोड्या वेळाची शाळा असावी आणि शिवणटिपण, नीती असे विषय असावेत, असा सूर होता. इथेही वेळ मुलीच्या सोयीची, विषय मुलीच्या "गरजेचे". फुल्यांनीही वेळ बदलली होती. पण फुल्यांची रात्रशाळा माणसाला फसवणुकीतून बाहेर काढण्यासाठी होती, आणि ही थोड्या वेळाची शाळा मुलीला चुलीपाशी परत पाठवण्यासाठी होती. त्याच काळात आगरकरांनी मात्र मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे असे ठामपणे लिहिले, याची नोंद घ्यायला हवी.

हे पुण्यापुरते नव्हते आणि एकोणिसाव्या शतकापुरतेही नव्हते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला अर्धा दिवस घरच्या धंद्याचे शिक्षण अशी योजना आणली. हे कुलधर्माचे, म्हणजे जातीचे शिक्षण आहे असे म्हणून पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली. पुढच्याच वर्षी राजाजी गेले, कामराज आले आणि योजना रद्द झाली. आजही "सगळ्यांना गणित-इंग्रजी जमत नाही, तुमच्या मुलाला काहीतरी कामधंद्याचं शिकवा" असे सातवीतल्या मुलाच्या आईला सांगितले जाते, तेव्हा १८८१ सालचाच तो अग्रलेख बोलत असतो. सांगणाऱ्याला ते माहीत असो वा नसो.

१८८२: जोतीरावांचे उत्तर

'मराठा'च्या त्या लेखानंतर एकच वर्षाने, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगाला आपले निवेदन दिले. शिक्षणाच्या इतिहासात या निवेदनाचा उल्लेख होतो तो सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी म्हटले होते. पण आम्हाला त्यातले बाकीचे तपशीलही तितकेच मोलाचे वाटतात, कारण शाळेने मुलाप्रमाणे बदलायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा तो जमाखर्च आहे.

शिक्षकांबद्दल त्यांचे म्हणणे होते की प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत आणि सोवळ्याओवळ्यामुळे ते मुलांपासून दूर राहतात. मुलांमध्ये मिसळणारे, त्यांच्या गरजा आणि इच्छा समजू शकणारे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या आणि त्यांना प्रशिक्षण द्या. पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावी पंधरा-वीस द्या. ज्या शिक्षकाकडून मुलाला समजून घेण्याची अपेक्षा करायची, त्याला धड पोटाला द्यायचे नाही, हा दुटप्पीपणा जोतीरावांनी केला नाही.

अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे मागितले. शेतीच्या धड्यांसाठी नमुन्याचे छोटे शेत असावे असेही सुचवले. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास मोठ्या गावापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, पण तो कमी उपयोगाचा नसावा, हे त्यांनी बजावले.

इथे कोणी चतुर माणूस म्हणेल, शेती तर जोतीरावांनीही मागितली, मग 'मराठा'त वेगळे काय होते? फरक यादीतच आहे. कुळकर्ण्याने मोडीत काय खरडले हे कुणब्याला वाचता यावे म्हणून मोडी. सावकाराचे व्याज तपासता यावे म्हणून हिशोब. आपण कोण आणि इथवर कसे आलो हे कळावे म्हणून इतिहास. शेती ही त्या मुलाची ओळखीची जमीन आहे, तिथून त्याला चालायला लावायचे. जोतीरावांनी मुलाच्या घरापासून सुरुवात केली, 'मराठा'ला मुलाने घरीच थांबायला हवे होते.

आणखी दोन मुद्दे आजच्या पालकांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. गरीब मुले शाळेत टिकावीत, त्यांना शिक्षणाची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही-वार्षिक बक्षिसे द्यावीत, असे जोतीरावांनी मागितले. आणि परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची जी पद्धत तेव्हा होती, ती अज्ञानी आणि दरिद्री लोकांत शिक्षण पसरवण्याच्या कामाची नाही, असे स्पष्ट सांगितले. महार-मांगांची मुले जातिद्वेषामुळे शाळेबाहेर आहेत हे तर त्यांनी आकड्यांनिशी मांडले: पुण्यात या समाजांची वस्ती पाच हजारांच्या वर, त्यांच्यासाठी शाळा एक, आणि तिथली हजेरी तिसाच्या आत.

निकालावर पैसे हा मुद्दा जुना झाला असे समजू नका. शंभर टक्के निकालाचा फलक दारावर लावण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच बाजूला काढायचे, त्यांच्या हाती १७ नंबरचा फॉर्म द्यायचा आणि बाहेरून दहावीला बसायला सांगायचे, हा प्रकार आपल्या वस्त्यांमधल्या पालकांना सांगायला नको. ज्या मुलाला जास्त शिकवण्याची गरज, तेच मूल शाळेला नकोसे होते. निकाल हेच शाळेचे चलन झाले की असे होणार, हे जोतीरावांनी १८८२ मध्ये ओळखले होते.

बाबासाहेबांनी दिलेले सूत्र

जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतःच्या शरीरावर सोसला होता. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे, शिपाई नसेल तर पाणी नाही, हे सगळे सर्वश्रुत आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मुंबईतला एक प्रसंग अधिक बोलका आहे. लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेल्या रामजी सुभेदारांची इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावे. अस्पृश्य म्हणून शिक्षकाने नकार दिला आणि भीमरावांना फारसी घ्यावी लागली. बाप शिकलेला, मुलगा हुशार, मागणी रास्त, आणि तरी शिक्षकाने "नाही" म्हटले. विषय मुलाच्या आवडीने नव्हे, जातीने ठरला. तोच मुलगा पुढे स्वतःच्या बळावर संस्कृत शिकला. शाळेने जे नाकारले ते घराने भरून काढले. रामजी पहाटे मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकायलाही मागेपुढे पाहत नसत. पण प्रत्येक घरात रामजी सुभेदार नसतो, आणि म्हणूनच शाळेची जबाबदारी घरावर ढकलून चालत नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी हेच मांडले. महाड सत्याग्रहाला तेव्हा साधारण आठवडा उरला होता. प्राथमिक शाळेत आलेल्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हा हिशोब त्यांनी सरकारपुढे ठेवला. नाव पटावर चढले म्हणजे शिक्षण झाले असे नाही, मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि मागासलेल्या समाजांना बरोबरीला आणायचे असेल तर सगळ्यांना सारखे वागवून भागणार नाही, खाली असलेल्यांना जास्त द्यावे लागेल, हे सूत्र त्यांनी तिथेच सांगितले.

हे सूत्र आपण नेहमी राखीव जागांच्या संदर्भात ऐकतो. ते वर्गखोलीलाही तितकेच लागू आहे. घरी इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलाला आणि न पडणाऱ्या मुलाला तोच धडा, त्याच वेगाने, एकदाच शिकवणे याला समता म्हणत नाहीत. दुसऱ्याला दोनदा समजावून सांगणे, त्याच्या भाषेतून सांगणे, वेगळा वेळ देणे म्हणजे समता. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले गेले. १८५५ ची रात्रशाळा आणि १९४६ चे सकाळचे वर्ग एकाच विचाराची लेकरे आहेत.

आता कायदा आपल्या बाजूने आहे, पण...

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही मागणी कागदावर मान्य केली आहे. कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि त्यानुसार गरज असेल तिथे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हेही त्याच कलमात आहे. कलम २९ सांगते की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. दिव्यांग मुलांसाठी २०१६ चा कायदा आणखी पुढे जातो. मुलाच्या वैयक्तिक गरजेप्रमाणे सोयी करणे आणि वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता लवकर ओळखून उपाय करणे त्यात बंधनकारक आहे.

मग अडते कुठे? अडते ते "ढ" या एका अक्षरात. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शुद्ध मराठीच्या या शहरात पहिल्या दिवशी हसून गप्प केले जाते. त्याचे 'पानी' ही त्याच्या घराची भाषा आहे. आपल्या वस्त्यांमध्ये वडारी, कैकाडी, पारधी, गोरमाटी बोलणारी मुले आहेत. मराठवाड्यातून पोट भरायला आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. ती गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याला "डोकं नाही" असे नाव मिळते. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाचे तर दोन्हीकडून मरण. अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या श्रीमंताच्या मुलाला समुपदेशक मिळतो, परीक्षेत जादा वेळ मिळतो. वस्तीतल्या मुलाला तीच अडचण असली तर छडी मिळते.

शिक्षकांचीही बाजू आहे आणि ती जोतीरावांच्या अनुयायांनी समजून घेतली पाहिजे. कायदा प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. प्रत्यक्षात वर्ग भरलेले, वरून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचा भडिमार. म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. माझ्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवा, आणि ते करता यावे म्हणून पुरेसे शिक्षक नेमा. शिक्षकाशी भांडून सरकारला मोकळे सोडायचे नाही.

पालकांनी काय मागायचे?

आम्ही वस्त्यांमध्ये अभ्यासिका चालवताना पालकांना हे सांगत असतो, तेच इथे लिहितो.

१. "माझं मूल कसं आहे?" असे विचारू नका. "त्याला नेमकं काय येतं, काय येत नाही?" असे विचारा. वाचन, लेखन, गणित, प्रत्येकाचे वेगळे उत्तर मागा.

२. "लक्ष द्या" एवढ्यावर थांबू नका. पुढच्या महिनाभरात त्याला काय वेगळे करून देणार, कोणत्या वेळी देणार, हे विचारा. महिन्याने परत जा.

३. घरची गोष्ट सांगा. घरात कोणती भाषा बोलतो, मूल संध्याकाळी भावंडे सांभाळते का, दिवा आणि जागा आहे का. यात लाज कसली? शिक्षकाला हे माहीत नसेल तर तो शिकवणार कसा?

४. एकटे जाऊ नका. चार आया मिळून गेल्या की "तुम्हीच बघा" हे शब्द आपोआप बदलतात. व्यवस्थापन समितीची सभा कधी आहे ते विचारा आणि तिथे बोला. तोंडी ऐकले नाही तर अर्ज द्या आणि पोच घ्या.

५. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची खूणगाठ. शाळा जे "वेगळे" देऊ करते त्याने मूल बाकीच्यांच्या बरोबरीला येणार आहे, की कायमचे मागच्या बाकावर जाणार आहे? बरोबरीला येणार असेल तर दोन हातांनी घ्या. "याला एवढंच झेपेल" असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबवा. वाट वेगळी चालेल, मुक्काम वेगळा चालणार नाही.

'मराठा'च्या त्या लेखाला मुलाची जात दिसली आणि त्याने शिक्षण कापून लहान केले. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल दिसले आणि त्यांनी शाळा मोठी केली, शाळेची वेळ बदलली, जागा बदलली, शिक्षक घडवला. बाबासाहेबांनी जास्त गरज असलेल्याला जास्त देण्याचे सूत्र सांगितले, आणि आज तेच थोडेफार कायद्यात आहे. पुढच्या पालकसभेत कामावर खाडा करून जाणाऱ्या आईने हे सोबत घेऊन जावे. तिने मागितलेली गोष्ट मेहेरबानी नाही. ती मागणी १८४८ पासून या शहराच्या दारात उभी आहे, आणि आता ती मांडण्याची पाळी तिची आहे.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!